१५०० वॅटचा रॉड गावी किती वॅट घेतो? (व्होल्ट-अँपिअर-ओहमचा हिशेब)

घाटावरचा

सध्या मुक्काम आजरा तालुक्यातल्या घरी. थंडी मरणाची. अंघोळीच्या पाण्याला पुण्याहून आणलेला रॉड आहे, त्यावर १५०० वॅट, २३० व्होल्ट असं छापलंय. पुण्यात वीस लिटरची बादली अर्ध्या तासात कडकडीत व्हायची, इथे त्याच बादलीला पाऊण तास लागतो. मल्टीमीटर होता म्हणून रॉड चालू असताना शेजारच्या सॉकेटवर व्होल्टेज बघितलं, १९६ भरलं.

शेजारचे तात्या म्हणतात, "व्होल्टेज कमी म्हणजे करंट जास्त खेचतो. १५०० भागिले १९६, साडेसात अँपिअरच्या वर जातो. म्हणून बिल फुगतं." भागाकार बरोबर आहे, ७.६५ येतात. पण करंट वाढला असेल तर पाणी उशिरा का तापतंय? कुणी नीट समजावेल का? शाळेत ओहमचा नियम पाठ होता, आता फक्त त्रिकोण आठवतो.

खटपट्या

तात्यांचा भागाकार बरोबर, पण भाज्य चुकीचा धरलाय. १५०० हा आकडा रॉडला चिकटलेला नाही. तो २३० व्होल्ट मिळाले तरचा आहे. रॉडला चिकटलेली गोष्ट एकच, आतल्या नायक्रोम तारेचा रेझिस्टन्स. व्होल्टेज वरखाली झालं तरी तो जवळपास तेवढाच राहतो.

तो छापील आकड्यांवरून काढा:
१५०० वॅट ÷ २३० व्होल्ट = ६.५२ अँपिअर
२३० व्होल्ट ÷ ६.५२ अँपिअर = ३५.३ ओहम

आता तुमचे १९६ घ्या:
१९६ ÷ ३५.३ = ५.५५ अँपिअर
१९६ × ५.५५ = १०८८ वॅट

म्हणजे करंट वाढला नाही, कमी झाला. आणि वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार, त्यामुळे दोन्हीकडून मार बसला. व्होल्टेज १५ टक्के पडलं, वॅट २७ टक्के पडले. सरळ सूत्र हवं असेल तर व्होल्टचा वर्ग भागिले ओहम.

घाटावरचा

अरे वा. म्हणजे पाऊण तासाचं गणित जुळतं का बघतो.

खटपट्या

मीच देतो. २० लिटर पाणी १८ अंशांवरून ४८ वर न्यायला साधारण २५१० किलोजूल लागतात (लिटरला एक अंशामागे ४.१९ किलोजूल). १५०० वॅटने २८ मिनिटं, १०८८ ने साडेअडतीस. वर बादलीच्या अंगातून आणि वाफेतून जातं ते वेगळं. तुमचा अर्धा तास आणि पाऊण तास बरोबर बसतात.

बिलाचं म्हणाल तर दोन्हीकडे ०.७ युनिटच. कमी वॅट गुणिले जास्त वेळ. उघड्या बादलीत जास्त वेळ तापवल्यामुळे थोडं वाया जाईल, पण "फुगतं" वगैरे काही नाही. बादलीवर ताट झाका.

शेतकरी_५एचपी

तात्यांची बाजू घेतो जरा. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला व्होल्टेज पडलं की अँपिअर वाढतात, हे मीटरवर डोळ्यांनी बघतो. स्टार्टर ट्रिप होतो. मग ते खोटं का?

आयटीआय_मास्तर

खोटं नाही. तात्यांनी मोटारीचा अनुभव रॉडला लावला, एवढंच झालं.

मोटारीवर पाण्याचा लोड आहे. व्होल्टेज पडलं म्हणून विहीर उथळ होत नाही. तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर उचलायचं, म्हणजे लागणारे वॅट जवळपास तेवढेच, मग करंट वाढवूनच ते भागणार. आणि वाइंडिंग तापतं ते करंटच्या वर्गाने. करंट सव्वापट झाला की उष्णता दीडपटीहून जास्त. मोटारी जळतात त्या अशाच. त्यामुळे ओव्हरलोड रिले (करंट फार वाढला की मोटार बंद पाडणारा) "सारखा पडतो" म्हणून पुढे सरकवून ठेवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

मोटार, पंखा, फ्रिज यांना आणखी एक भानगड असते. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर येतात ते व्होल्ट-अँपिअर. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरनेही (त्यातला खऱ्या कामाचा वाटा, जास्तीत जास्त एक) गुणावं लागतं. थ्री फेजला वर १.७३ ने. रॉड, इस्त्री, गिझर, शेगडी यांचा पॉवर फॅक्टर एक, म्हणून तिथे शाळेतला हिशेब चोख बसतो.

मोबाईलचा चार्जर, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी हे तिसऱ्या जातीचे. व्होल्टेज पडलं तरी लागणारे वॅट तेवढेच ओढतात.

जाता जाता: ओहमने हे १८२७ साली छापलं. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते हे जूलने १८४० च्या सुमारास दाखवलं, आणि कसं, तर तार पाण्यात बुडवून पाणी किती तापतं ते मोजून. घाटावरचे, तुमचा प्रयोग जुना आहे.

विंगेत

धागा वाचनखूण साठवली.

जर्सीकर

इकडचा, अमेरिकेतला अनुभव. आईने प्रेमाने असाच रॉड बॅगेत घातला होता. इथे सॉकेटला १२० व्होल्ट. १२० चा वर्ग भागिले ३५.३, म्हणजे ४०८ वॅट. बादलीला पावणेदोन तास. उलटं मात्र करू नका. इथला १५०० वॅटचा हेअर ड्रायर ९.६ ओहमचा असतो. तो तिकडे २३० वर लावला तर हिशेबाने साडेपाच हजार वॅट आणि २४ अँपिअर. हिशेब पूर्ण व्हायच्या आधीच ड्रायर पूर्ण होतो.

खटपट्या

घाटावरचे, तुमच्याकडे मल्टीमीटर आहेच तर रॉडचे ओहम थेट मोजा. प्लग काढून. दोन टोकं एकमेकांना लावून आधी वायरींचा स्वतःचा आकडा बघा, तो वजा करायचा. मग दोन बारीक पिनांमध्ये मोजा. आणि हात लागलाय तर जाड अर्थची पिन आणि बारीक पिन यांमध्येही बघा. तिथे काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर रॉड बाद, कितीही गोड तापत असला तरी.

घाटावरचा

मोजलं. टोकं जोडून ०.५, रॉडला ३५.९. म्हणजे ३५.४! छापील हिशेबाने ३५.३ होते. अर्थकडे काही नाही.

हुरूप येऊन देवघरातला जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब पण मोजला. २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम यायला हवेत. मीटर चाळीस म्हणतंय. मीटर बिघडलं की काय?

आयटीआय_मास्तर

मीटर ठणठणीत आहे. बल्ब थंड आहे.

टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या आसपास जाते आणि तिचा रेझिस्टन्स दहा-पंधरा पट होतो. तुमचे ५२९ पेटलेल्या बल्बचे, ४० विझलेल्याचे. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी त्यातून अर्धा नव्हे, पाचच्या वर अँपिअर जातात, आणि बल्ब उडतो तो नेमका बटण दाबतानाच. नायक्रोम मात्र गरम झाला तरी दोनचार टक्केच हलतो. हीटरसाठी तो निवडतात त्याचं हेही एक कारण. त्यामुळे रॉडचे ओहम थंडपणी मोजले तरी चालतात, बल्बचे नाही.

पंखा, मोटार, ट्रान्सफॉर्मर यांच्या वाइंडिंगचे ओहम मोजून त्यावरून वॅट काढायला जाऊ नका. तिथे करंट अडवायचं काम बरंचसं तारेचं नसतंच.

खटपट्या

मला एक गोष्ट खटकतेय. १९६ हे रॉड चालू असताना. रॉड बंद असताना त्याच सॉकेटवर किती?

घाटावरचा

आत्ता बघून आलो. बंद असताना २१४. चालू केला की १९६. सकाळी साडेसहाला, फ्रिज बंद, दुसरं काही चालू नाही.

खटपट्या

हे बरं लक्षण नाही. १८ व्होल्ट कुठेतरी जातायत, आणि जिथे जातायत तिथून ५.५५ अँपिअर वाहतायत. मग तोच हिशेब वायरिंगला लावा:

१८ ÷ ५.५५ = ३.२४ ओहम
१८ × ५.५५ = १०० वॅट

ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या सॉकेटपर्यंत कुठेतरी शंभर वॅट उष्णता होतेय. पाण्यात नाही, तारांत. लांब वायरीत सगळीकडे पसरली असेल तर काही बिघडत नाही. एका जागी असेल तर ती जागा काळी पडलेली असणार. खांबापासून घर किती लांब? आणि मेन स्विचपासून न्हाणीघर?

घाटावरचा

खांब चाळीस एक मीटर, जुनी ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर, वायरमन म्हणतो ४ एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर). आत मेनपासून न्हाणीघराच्या बोर्डापर्यंत पंधरा मीटर, तांब्याची, १ एमएम. घर जुनं, वायरिंग वडिलांच्या वेळचं.

तारतम्य

१ एमएमवर १५०० वॅटचा रॉड? आणि बहुतेक पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये? वायरिंग बदला आणि विषय संपवा. एवढी गणितं कशाला.

आयटीआय_मास्तर

बदलायचं तर आहेच. पण काय बिघडलंय ते आधी कळू दे, नाहीतर नवीन वायर जुन्याच जोडाला जोडून लोक मोकळे होतात.

आतला हिशेब असा: पंधरा मीटर जाऊन पंधरा मीटर परत, तीस मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याला मीटरमागे ०.०१७२ ओहम, म्हणजे ०.५२ ओहम. ५.५५ अँपिअरला जेमतेम ३ व्होल्ट.
बाहेर: ऐंशी मीटर ॲल्युमिनियम, ०.०२८२ भागिले ४ प्रमाणे ०.५६ ओहम. साधारण आणखी ३ व्होल्ट, पुढे खांबावरची लाईन आहे तिचे थोडे.

सगळं मिळून आठ-नऊ व्होल्ट समजू शकतो. अठरा नाही. आता मेन स्विचच्या आऊटगोइंगवर रॉड बंद आणि रॉड चालू असं व्होल्टेज हवं. हे तुम्ही करू नका, वायरमनला बोलवा. आणि कुणी उत्साहाने मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून सॉकेटमध्ये खुपसू नका. त्या भोकात मीटर म्हणजे जवळपास सरळ तार असते, ती फेज-न्यूट्रलमध्ये घातली की शॉर्ट सर्किट हातात होतं. घरच्या वायरीचा करंट मोजायला टाँग टेस्टर, वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर. तार तोडावी लागत नाही, कशाला हात लागत नाही.

मीटर_रीडर_नाही

टाँग टेस्टर नसला तरी करंट कळतो. लाईटबिलाच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या शेजारी "३२०० इम्प/केडब्ल्यूएच" असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त रॉड चालू ठेवा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वीस लुकलुकींचा वेळ घ्या. पहिली लुकलुक "शून्य" म्हणून मोजायची, "एक" म्हणून नाही.

वॅट = लुकलुकी × ३६,००,००० ÷ (मीटरवरचा आकडा × सेकंद)

मीटर इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे हे खरे वॅट, पॉवर फॅक्टरसकट. मोटारीलाही चालतं.

घाटावरचा

भारी प्रकार आहे हा. आमच्याही मीटरवर ३२०० आहे. पोरगी मोजत होती, मी घड्याळ धरलं. वीस लुकलुकींना १९.५ सेकंद. हिशेब ११५४ वॅट येतो.

पण रॉड तर १०८८ घेतोय म्हणालात ना?

वायरमन पण येऊन गेला. मेनला रॉड बंद असताना २१४, चालू असताना २०८.

खटपट्या

मग सगळं उलगडलं की! मेनला २०८ आणि ११५४ वॅट. ११५४ ÷ २०८ = ५.५५ अँपिअर. आपण रॉडच्या ओहमवरून काढलेला करंट तोच. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, आता त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा.

मीटरने मोजले ११५४, पाण्याला मिळाले १०८८. मधले ६६ वॅट तुमच्या घराच्या भिंतीत. आणि ते मीटरच्या पुढचे, म्हणजे बिलातही तुमचेच. तात्यांना सांगा, बिलाबद्दल ते थोडेसे बरोबर निघाले.

बाहेर ६ व्होल्ट पडतात, ते ठीक. आत १२ पडतात. तारेचे ३ सोडले तर ९ व्होल्ट एखाद्या जोडात. ९ × ५.५५ = पन्नास वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते. तशा दोन, माळ्यावर कुठेतरी, रोज सकाळी पाऊण तास.

घाटावरचा

वाचूनच घाम फुटला. रॉड बंद. सध्या चुलीवर पाणी.

आयटीआय_मास्तर

घाबरू नका, बंद केलात ते उत्तम. जोड फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये, तेही शोधता येतं. वायरमन असताना मिनिटभर रॉड लावून त्याला न्हाणीघराच्या बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज बघायला सांगा, रॉड बंद असताना आणि चालू असताना. अर्थ धड असेल तर न्यूट्रल किती "वर उचलला जातो" ते दिसेल. चारपाच व्होल्टच वाढले तर न्यूट्रल निर्दोष, दहाच्या वर गेले तर तिथेच पाणी मुरतंय. गंमत म्हणजे अशा वेळी टेस्टर काही सांगत नाही. फेजला नेहमीसारखा पेटतो आणि सगळं छान आहे असं वाटतं.

घाटावरचा

बंद असताना २, चालू केल्यावर १५.

आयटीआय_मास्तर

न्यूट्रल. मेन बंद करून मेनपासून न्हाणीघरापर्यंत न्यूट्रलचा प्रत्येक जोड उघडा. पट्टीवरचे स्क्रू, जंक्शन बॉक्स, कुठे तार लांबवलेली असेल ती जागा. तापून टेप वितळलेली दिसेल.

घाटावरचा

सापडला. माळ्यावर लाकडी पट्टीच्या वळणाशी. दोन तारा नुसत्या एकमेकींना पिळलेल्या, वर काळी टेप. टेपचं डांबर झालेलं, लाकूड बोटभर कोळशासारखं. तांबं हिरवं-काळं, हाताने ओढलं तर एक तार निघून आली. त्याच्याच शेजारी पेंढ्याची पोती ठेवलेली होती. फेजच्या जोडाला त्याच माणसाने स्क्रूचा कनेक्टर लावलाय, न्यूट्रलला लावला नाही. "न्यूट्रलला काय होतंय" असा विचार केला असावा.

वायरमनने तात्पुरता कनेक्टर घातलाय. आता रॉड चालू असताना सॉकेटवर २०४.

खटपट्या

२०४ चा वर्ग भागिले ३५.३, म्हणजे ११७९ वॅट. पाणी तीनेक मिनिटं लवकर. मेनला २०८ असतील तर आत ४ पडतात, ते तारेचेच.

म्हणजे अंघोळीच्या वेळात फारसा फरक पडणार नाही. तो गावाच्या व्होल्टेजचा प्रश्न.

शेतकरी_५एचपी

वीज कंपनीकडे तक्रार द्या. २३० च्या सहा टक्के खाली, म्हणजे २१६ पर्यंतच त्यांना मुभा. तुम्हाला रॉड बंद असतानाच २१४ मिळतात. देताना मेनवरचं रीडिंग द्या, तारीख-वेळेसकट. सॉकेटवरचं दिलं तर "तुमच्या वायरिंगचा दोष" म्हणून हात झटकतील.

तारतम्य

आणि नवीन वायरिंग?

घाटावरचा

पुढच्या आठवड्यात. न्हाणीघराला मेनपासून वेगळी २.५ एमएम, मध्ये एकही जोड नाही, १६ अँपिअरचा सॉकेट, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच). मास्तर, २.५ ला आत किती पडतील?

आयटीआय_मास्तर

तीस मीटरला ०.२१ ओहम. सव्वा व्होल्टच्या आसपास. आता हे तुम्हीच काढू शकता. आणि आरसीसीबी घातला तरी रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघायचं नाही. आधी प्लग काढायचा.

विंगेत

वाचनखूण साठवून गप्प बसणार होतो, पण लुकलुकीचा प्रकार करून बघितलाच. फक्त हॉलमधला जुना पंखा चालू ठेवला. ३२०० चंच मीटर. दर साडेतेरा सेकंदांना एक. पंख्यावर ७५ वॅट लिहिलंय.

मीटर_रीडर_नाही

७५ वॅटला बरोबर पंधरा सेकंद लागायला हवेत. साडेतेरा म्हणजे ८३ वॅट. पंखा बंद करून बघा, तरीही लुकलुकतंय का?

विंगेत

लुकलुकतंय! दोनेक मिनिटांनी एक. घरात काहीच चालू नाही.

मीटर_रीडर_नाही

दोन मिनिटांनी एक म्हणजे नऊ-साडेनऊ वॅट. तेवढे वजा केले की पंखा आला ७४ वर. टीव्हीच्या मागे सेट-टॉप बॉक्स असेल. रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद करा.